बापू दोरवाल्यांची गस्त

नव्या दुकानात पाऊल टाकलं की बापू दोरवाले आधी पाणी मागायचे. तहान असो वा नसो. चपला बाहेर, टोपी हातात आणि "जरा पाणी मिळंल का?" एवढंच. माझ्याकडेही ते असेच आले. सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. तासगावच्या पेठेत वह्या-पुस्तकांचं दुकान मांडून मला तीन तास झाले होते, त्या तीन तासांत एक शिसपेन्सिल खपली होती, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून मी लगबगीनं उठलो तर हे पाणी मागणारे निघाले. मनातून मी चिडलो. माठ मागच्या खोलीत होता. तांब्या भरून आणेपर्यंत त्यांनी सगळं दुकान नजरेखालून घातलं होतं.

दोन घोट घेऊन म्हणाले, "माठ म्होरं ठेव की रं. बाजाराला आल्याली बायामाणसं पाणी मागत न्हाईत. दिसलं तर पित्यात, आन् पिली तर घडीभर टेकत्यात."

"आणि टेकल्यावर वह्या घेतात?" माझ्या जिभेला तेव्हा भारी धार होती.

"न्हाई घेत. पर पोरगं शाळंत घालायच्या टायमाला तुझं दुकान ध्यानात येतंय."

एवढं बोलून ते गेले. व्यापारी संघ म्हणून काही आहे आणि हे गृहस्थ त्याचे सभासद आहेत, हे मला दोन महिन्यांनी कळलं. तोवर ते चार वेळा येऊन गेले होते, माठ पुढे आला होता, आणि सभासदाचा अर्ज मीच त्यांच्याकडे मागितला. "मी कुठं इषय काढला?" असं म्हणत त्यांनी तो बंडीच्या खिशातून काढून दिला. पहिल्या दिवसापासून तो खिशातच असणार, याबद्दल मला आजही शंका नाही.

बापू मूळचे सातारा जिल्ह्यातले, कोरेगावकडचे. उमेदीची वर्षं पलटणीत काढली, आणि परत आल्यावर भावकीच्या वाटण्यांत पडायला नको म्हणून सासुरवाडीच्या गावी, तासगावात, दोरखंडाचं दुकान घातलं. कासरे, दावी, शिंकी आणि मोटेचे मनगटाएवढे नाडे. आत शिरलं की अंबाडीचा वास नाकात बसायचा. बायको वारली होती. एकुलती एक लेक, शालन, साताऱ्याला दिली होती. दुकानामागच्या खोलीत ते एकटेच राहायचे. मला 'मास्तर' म्हणायचे, कारण मास्तरकीच्या परीक्षेत मी दोनदा आपटलो आहे ही बातमी त्यांनी कुठूनशी मिळवली होती.

आमचा संघ तेव्हा नावापुरता होता. जकातीवरून भांडण निघालं की सभा व्हायची, भांडण मिटलं की संघ झोपायचा. शिपाई सभेची चिठ्ठी फिरवायचा, लोक तिच्यावर सही करायचे आणि यायचे नाहीत. अक्षर बरं म्हणून मला वर्षाच्या आत चिटणीस केलं होतं, त्यामुळे न येणाऱ्या माणसांना सुंदर अक्षरात बोलावण्याचं काम माझ्याकडे होतं. एका सभेला आम्ही सगळे मिळून अकरा टाळकी जमलो, तेव्हा अध्यक्ष अण्णा, पेठेतले मोठे कापडवाले, वैतागून म्हणाले की आता छापील पत्रकं वाटू.

बापू मागच्या रांगेतून उठले. "छापल्याल्या कागदाला कोण जाब देतंय, अण्णा? लग्नाची पत्रिका छापतोच की आपुन. पर घरचं माणूस आवतण द्यायला गेलं न्हाई तर सख्खा चुलता येत न्हाई. माणसं पाठवा."

"आणि त्यांना पगार कोण देणार?"

"पगार दिला की नोकर झाला. नोकराला लोक दारातनंच वाटंला लावत्यात. सोताचं दुकान सोडून फुकट आल्याला माणूस, त्येला बस म्हणावंच लागतंय."

अण्णांनी कंटाळून परवानगी दिली, आणि पलटणीतला शब्द घेऊन बापूंनी या कामाचं नाव 'गस्त' ठेवलं. सात माणसं, सात आळ्या. माणसं निवडताना मी सुचवलेली सगळी नावं त्यांनी उडवून लावली. मी लोखंडवाल्या शेठचं नाव पहिलं घातलं होतं, कारण त्यांच्यासारखं भाषण तालुक्यात कुणाचं नव्हतं. बापू म्हणाले, "त्यो बोलाय लागला की दुकानदार घड्याळ बघतोय. मला ऐकणारा पायजे." आणि त्यांनी रामभाऊ शिंप्याला उचललं. रामभाऊ दिवसाकाठी दहा वाक्यं बोलला तर खूप. मी हसलो. महिनाभरात रामभाऊच्या आळीतले झाडून सगळे दुकानदार सभासद झाले. कसं, म्हणून मी विचारलं तर रामभाऊ म्हणाला, "मी काय न्हाई केलं. ती बोलली, मी बसलो."

बापूंचे नेम साधे होते आणि ते मोडलेले त्यांना खपायचे नाहीत. सकाळी पाणी मारून झाल्यावर, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत जायचं. गादीवर बसायचं नाही, पायरीवर टेकायचं. कापडवाल्यानं कापडवाल्याकडे जायचं नाही, "न्हाईतर त्येचं ध्यान कापडाच्या ताग्याकडं जातंय, माणसाकडं न्हाई." एका दुकानातली गोष्ट दुसऱ्या दुकानात न्यायची नाही. आणि सगळ्यांत मोठा नेम फळ्यांचा. पेठेतली दुकानं तेव्हा लाकडी फळ्या लावून बंद व्हायची. सुट्टी नसताना एखाद्याच्या फळ्या दोन दिवस लागलेल्या दिसल्या, तर तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी जायचं. का, कशाला, विचारायचं नाही. जायचं.

असंच एकदा चुरमुरेवाल्याच्या घरी गेलं तर त्याचा हात भट्टीत भाजलेला. घरात करतं दुसरं कुणी नाही. बापूंनी तिथल्या तिथं पाळ्या लावल्या. आठ दिवस गस्तीची माणसं आळीपाळीनं चुरमुरे विकायला बसली. त्यांतला एक सराफ होता. आयुष्यभर गुंजेनं तोलणाऱ्या त्या माणसानं चुरमुऱ्याची मापं अशी शीग लावून भरली की बाजारात सगळी गर्दी त्याच्यापुढे. मालकाला घाम फुटला. बापू मात्र खूश होते. "दुकानात गिऱ्हाईक येतंय, मास्तर. माणूस कवा येतंय? त्यो आला पायजे," असं ते मला त्या आठवड्यात निदान तीनदा म्हणाले. त्या वर्षीच्या सभेला बसायला जागा पुरली नाही. शेजारच्या तालुक्यांतले व्यापारी बघायला आले. जतच्या लोकांनी बोलावलं म्हणून बापू तिकडेही गेले, आणि 'नीरू कोडी', म्हणजे पाणी द्या, एवढ्या कानडीवर त्यांनी तिथली आख्खी पेठ फिरून काढली.

शनिवारी दिवेलागणीला सगळे बापूंच्या दुकानात जमायचे. दोरांच्या भेंडोळ्यांवर बसून आठवड्याचं सांगायचं. लिहायचं काही नाही. हे मला बघवेना. मी चिटणीस, कागदावर नसलेलं काम मला काम वाटायचंच नाही. मी तक्ता करायचा म्हणालो. कुठलं दुकान कुणाच्या गस्तीत, सगळं एका जागी. बापू बरेच दिवस टाळत राहिले. "लिवलं की माणूस ईसरायला मोकळा हुतोय रं." मी म्हटलं, तुम्ही कायमचे पुरणार आहात का? तेव्हा एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं.

आपल्या दुकानाच्या पायरीवर बसून, डोळे मिटून, त्यांनी मला सगळी पेठ सांगितली. "लिव. हितनं निघालो. उजव्या अंगाला तेलवाला. त्येच्या म्होरं कुलपाचं दुकान. मग बोळ. बोळातनं आत बांगड्यावाली." मनातल्या मनात ते चालत होते आणि मी लिहीत होतो. एक दुकान सुटलं नाही. वेशीपर्यंत गेले, पलीकडच्या बाजूनं फिरून पुन्हा पायरीपाशी आले आणि डोळे उघडून म्हणाले, "झाली गस्त." मी घरी जाऊन तो तक्ता तीन रंगांच्या शाईत उतरवला. माझ्या हातून इतकं देखणं काम तोवर झालं नव्हतं.

पुढे सांगलीला व्यापाऱ्यांचा एक मेळावा झाला. तिथं आमच्या गस्तीची माहिती वाचायला मला उभं केलं. मी 'स्वयंसेवक संपर्क योजना' असं भारदस्त नाव देऊन तक्त्यासकट ती वाचली. टाळ्या पडल्या, शाल मिळाली. बापू मागे बसले होते. त्यांचं नाव मी घेतलं होतं, पण शेवटी, आभाराच्या ओळीत. परतताना एस.टी.त मी विचारलं, कसं झालं? ते म्हणाले, "झ्याक वाचलंस, गड्या. फकस्त त्यात माणसं न्हवती." मी तीन दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं भराभर गेली. विहिरींवर विजेचे पंप आले, मोटा गेल्या, आणि मोटांबरोबर नाडेही. मग नायलॉनचे दोर आले. बापूंच्या दुकानात भेंडोळी तशीच पडून राहू लागली, पण ते त्याबद्दल बोलायचे नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. दुसऱ्यांच्या दुकानात काय हलतंय हे बघायची सवय लागलेल्या आम्हांला त्यांच्या दुकानातलं हलेनासं झालेलं दिसलं नाही. त्यांचे गुडघे धरले. नव्या दुकानांना जाणं त्यांनी रामभाऊवर सोपवलं. त्याच सुमारास संघाला माडीवर दोन खोल्यांची कचेरी मिळाली आणि शनिवारची बैठक तिथं न्यावी, असं मीच सुचवलं. टेबल होतं, खुर्च्या होत्या, भिंतीवर काच लावून माझा तक्ता होता. जिना उभा होता. बापू पहिल्या दोन शनिवारी धापा टाकत आले. पुढे आले नाहीत. गुडघ्यांमुळे येत नसतील, असं सगळे म्हणाले, आणि ते खरंच होतं.

मग एका हिवाळ्यात त्यांच्या फळ्या लागलेल्या मी पाहिल्या. पोस्टात निघालो होतो. वाटलं, साताऱ्याला गेले असतील लेकीकडे. दोन दिवसांनी पुन्हा पाहिल्या. वाटलं, लेकीनं ठेवून घेतलं असेल. त्यानंतर आणखी दोनदा मी त्या फळ्यांवरून सायकल नेली. सहज विषय निघाला तेव्हा अण्णाही म्हणाले, साताऱ्याला गेले असणार. सराफही तेच म्हणाला. कुणी कुणाला सांगितलं होतं, कोण जाणे.

बाराव्या दिवशी पेठेत दूध घालणारी हौसाबाई माझ्या दुकानात शाईची पुडी घ्यायला आली आणि म्हणाली, "आता कसं हाय वं बापूचं?"

"कसं म्हणजे? साताऱ्याला गेलेत ना?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला अजून ते डोळे आठवतात. "आवं, कुटलं सातारा! सांगलीला दवाखान्यात हायती. सकाळी दूध घालाय गेले तर जिमिनीवर पडल्यालं. मी आन् माझ्या मालकानं गाडीत घालून न्हेलं. शालनला तार करू का म्हणलं, तर म्हणले नगं. तिला लेकरू झालंय, धावत यील. पेठंतली यायला लागली की तीच कळवतील काय कळवायचं त्ये." पुडी उचलत ती म्हणाली, "तुमी समदी जाऊन आला आसशीला असंच वाटलं मला."

मी दुकान तसंच टाकून एस.टी. पकडली. दवाखान्यात बापू खिडकीजवळच्या खाटेवर होते. अर्धे राहिले होते. खाटेशेजारी एक लोखंडी स्टूल होतं. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. मरेपर्यंत मला कुणी तसं बघणार नाही. "आला व्हय मास्तर? बस, बस."

"बापू, कळवायचं नाही का?"

"कळवायचं कशाला? फळ्या दिसत्यात की." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. मग काळजीनं ते जरा उठून बसायला बघू लागले. "मला सांग, रामभाऊ बरा हाय न्हवं? माझं दुकान त्येच्याच गस्तीत आसंल. त्यो चुकायचा न्हाई. त्येला कायतरी झालंय, असंच माझ्या मनात येतंय बघ रोज."

रामभाऊ ठणठणीत होता. तक्त्याची नक्कल माझ्या खिशातल्या वहीत होती. मी ती उघडली. रामभाऊच्या आळीत तेलवाल्यापासून सगळी नावं होती. मी पुढची आळी पाहिली. तिच्या पुढचीही पाहिली. पानं उलटत राहिलो, कारण मान वर करायची हिंमत नव्हती.

"न्हाई व्हय?" बापूंनी विचारलं. मी वही मिटली. ते छताकडे बघून हसले. "आरं, पायरीवर बसून सांगितलं की मी. हितनं निघालो म्हणलो. माझं दुकान माझ्या पाठीमागंच ऱ्हायलं. माझीच चूक हाय ही. रामभाऊला कोण काय बोलू नगा."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. बापू, तक्त्यात असो नसो, मी तुमच्या फळ्या चार वेळा या डोळ्यांनी पाहिल्या, असं सांगायला हवं होतं. अण्णांनी पाहिल्या, सराफानं पाहिल्या, रामभाऊ रोज तुमच्या दारावरून दुकानाला जातो. तक्त्यात नव्हतं म्हणून कुणी गेलं नाही, हे बापूंनी मानलं आणि मी त्यांना ते मानू दिलं. माझी सोय होती त्यात. मी फक्त म्हणालो, "उद्या सगळ्यांना घेऊन येतो."

"सवडीनं या. बाजार बुडवू नगा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गस्तीच्या सातही जणांनी आणि अण्णांनी फळ्या लावल्या आणि पहिल्या गाडीनं आम्ही सांगलीला गेलो. खाट रिकामी होती. पहाटे बापू गेले होते. शेजारच्या खाटेवरच्या रोग्याची बायको पदर तोंडाला लावून उभी होती. तिनं सांगितलं, की बसायला म्हणून तिनं ते स्टूल मागितलं तर बापू म्हणायचे, बसा की, पर आमच्या पेठंतली माणसं आली की द्या. तिसऱ्या दिवशी येतात, नेम आहे. तिसरा दिवस गेला तेव्हा म्हणाले, आज बाजार आसंल. पाचव्या दिवशी म्हणाले, पेठेत कुणाचं तरी काहीतरी झालंय, सगळी तिकडं गुंतली असतील. त्यानंतर त्यांनी ते बोलणं सोडलं, पण दाराकडे तोंड करून निजायचे.

शालनला तार केली. दुपारनंतर ती नवऱ्याबरोबर आली, महिन्याचं मूल पदराखाली घेऊन. रडून झाल्यावर ती आमच्याकडे वळली. आम्ही नऊजण व्हरांड्यात ओळीनं उभे होतो.

"गणपतीत मी त्यास्नी न्यायला आल्ते, भाऊ," ती मला म्हणाली. "एकटं ऱ्हाऊ नगा म्हणलं. तर म्हणाले, एकटा कुठं हाय? हितं सातजण हायती माझी. दार उघडलं न्हाई तर समदी धावत येत्यात. म्हणून ठेवून गेले मी." डोळे पुसून तिनं आमच्या एकेकावरून नजर फिरवली. "लय हाल झालं न्हाईत न्हवं? तुमी हुता न्हवं जवळ?"

रामभाऊनं मान खाली घातली. अण्णा घसा खाकरून थांबले. कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि बोलण्याचं काम नेहमी माझ्याकडे असायचं.

"होतो," मी म्हणालो.

तिनं मूल नवऱ्याच्या हातात दिलं, वाकली आणि ओळीनं आम्हा सगळ्यांच्या पाया पडली. आमच्यातल्या कुणीही पाय मागे घेतला नाही.